लेन्सच्या खणातली काच

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर पंपाच्या नाहीतर इंजिनाच्या भागांची ड्रॉइंग काढायची, प्रत्येक रेघेला माप द्यायचं आणि मापात केसाएवढा फरक पडला की समोरच्यावर डाफरायचं, हे माझं काम. डाफरणं खरं तर कामात नव्हतं, ते मी पदरचं घालायचो. असल्या माणसाला फोटोग्राफीचा नाद लागला की तो कसा वागतो, ते माझ्या सगळ्या नातेवाइकांनी भोगलं आहे. लग्नात कुणी "एक फोटो घ्या की" म्हटलं तरी मी आधी उजेड कुठून येतो ते बघत बसायचो, आणि तोवर नवरानवरी पंगतीला जाऊन बसलेली असायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एक जुनी टेलिफोटो लेन्स घेतली. खासबागेतल्या कुस्त्यांचे फोटो काढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा एका म्हाताऱ्या फोटोग्राफरांची ती होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हात कापत होते. लेन्स देताना त्यांनी ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसती पुसत बसले. मला घाई झाली होती. त्यांच्या हातून ती कधी सुटते असं मला झालं होतं, हे आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

या लेन्सची तोंडाकडची काच ताटलीएवढी मोठी. तेवढ्या मापाचा फिल्टर कुणीच करत नाही. म्हणून लेन्स करणाऱ्यांनी कॅमेऱ्याकडच्या बाजूला एक अरुंद खाच ठेवून तिच्यात एक छोटा खण बसवला होता, टेबलाला असतो तसा, पण काडेपेटीएवढा. तो ओढून काढायचा, त्यात एकोणचाळीस मिलिमीटरची गोल काच बसवायची आणि परत आत सरकवायचा. म्हाताऱ्यांकडं त्या खणात फक्त साधी काच होती. मला हवा होता पोलरायझर.

पोलरायझर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पाण्यावर, ओल्या पानावर किंवा खिडकीच्या काचेवर तिरक्या बाजूनं बघितलं की जी चकाकी दिसते, आपलं किंवा आभाळाचं जे प्रतिबिंब दिसतं, ते हा फिल्टर काढून टाकतो. पण तो नुसता लावून भागत नाही, गोल फिरवावा लागतो. फिरवता फिरवता एका जागी चकाकी विझते आणि पाण्याखालचे दगड दिसायला लागतात. पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तरी कॅमेऱ्यातून मी हे कळंब्याच्या तळ्यावर बघितलं, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मी दर पावसाळ्यानंतर राधानगरीच्या जंगलात गव्यांचे फोटो काढायला जायचो. तिथं ओली पानं अशी पांढरी चमकायची की काळा गवासुद्धा हरवून जायचा.

कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या फोटोच्या दुकानांत मी फिरलो. एका दुकानदारानं लेन्स हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, "पावणं, लेन्सला खण असतोय हे मला आज कळलं बघा. च्या घ्या." पुण्याला, मुंबईला पत्रं घातली. वर्षभरानं मुंबईच्या एका जुन्या मालाच्या दुकानात एक पोलरायझर मिळाला. कडेची रिंग थोडी खरवडून तो मी खणात बसवला. पण तो फिरवायचा कसा? खण बाहेर काढायचा, नखानं काच जराशी फिरवायची, खण आत घालायचा, कॅमेऱ्यातून बघायचं. नाही जमलं, परत काढायचा. एवढं होईपर्यंत गवा डोंगर ओलांडून गेलेला असायचा. घरी येऊन मी चिडचिड करत हे सांगितलं की बायको हसायची.

"गवा काय तुमच्या फौंड्रीत कामाला हाय व्हय, हुबं ऱ्हा म्हटलं की हुबं ऱ्हायाला?"

ती बिद्रीकडची. तिचे वडील तिथल्या साखर कारखान्यात होते. ती माझ्या लेन्सला तोफ म्हणायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळं त्या तोफेची पेटी आमच्या पलंगाशेजारी, जिथं पाळणा असायला हवा होता तिथं असायची. ती तसं कधी बोलली नाही. मला मात्र ते दिसायचं, आणि तरीही मी पेटी हलवली नाही.

मग मी नवा कॅमेरा घेतला, आणि आणखी एक भानगड उभी राहिली. जुन्या पद्धतीच्या साध्या पोलरायझरनं नव्या कॅमेऱ्याचं उजेड मोजायचं मीटर फसतं. फोटो कधी काळाकुट्ट, कधी पांढराफटक. त्याला सुधारलेला, सर्क्युलर म्हणतात तसला पोलरायझर लागतो. लेन्सच्या कंपनीनं त्याच्यासाठी खास खणही केला होता, बाहेरून बोटानं फिरवायच्या छोट्या चाकासकट. कॅटलॉगात त्याचं चित्र होतं. ते चित्र मी इतक्या वेळा बघितलं की पान सुटं झालं. पण तो खण काही आपल्याकडं मिळत नव्हता.

कोल्हापुरात एखादी वस्तू मिळत नाही म्हटलं की माणूस दोन दिवस हळहळतो, आणि तिसऱ्या दिवशी उद्यमनगरात जाऊन ती करून घेतो. मी तर तिथलाच. जुना पोलरायझर विकून टाकला, पुण्याहून सर्क्युलर पोलरायझरची सुटी काच मागवली, आणि खणाचं ड्रॉइंग स्वतः काढलं. तीन बाजूंनी काढलं, आडवा छेद दिला, चाकाचे दाते मोजून दिले, कुठं किती सैल चालेल तेही लिहिलं. आजवर काढलेल्यांत ते माझं सगळ्यात देखणं ड्रॉइंग असेल. आमच्या ओळखीचे एक लेथवाले मिस्त्री होते, त्यांना ते दिलं. त्यांनी ते भिंतीला चिकटवलं आणि "सायेब, मोठ्या कामातनं सवड गावली की करतो" म्हणाले. दोन महिने ते भिंतीवरच राहिलं.

त्याच दिवसांत बायकोला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, आणि तिथं आठवडाभरातच तिचं ब्लडप्रेशर इतकं वाढलं की आकडी आली. जीप करून तिला कोल्हापूरला आणलं. राजारामपुरीतल्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोन महिने आधी, तळहातावर मावेल एवढी. तिला श्वास नीट घेता येईना, म्हणून तासाभरात शाहूपुरीत लहान मुलांच्या दवाखान्यात हलवलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं.

म्हणजे आई एका दवाखान्यात आणि लेक दुसऱ्या. मधे जेमतेम दोन-तीन किलोमीटर, पण बायकोला उठून बसायचीही परवानगी नव्हती. ती बेशुद्धीत असतानाच मुलीला तिच्यापासून हलवलं होतं. तिनं तिला बघितलंच नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य ती मला म्हणाली, "मला ती दावा. फोटो काढून आणा. ती तोफ कवा कामाला येणार?"

सासूबाई शेजारीच होत्या. त्या घाबरल्या. "पावणं, बारशाआधी पोराचा फोटू काढू नये. नजर लागती."

"आई, तू गप बस," बायको म्हणाली. "मी माझी पोरगी बघितली न्हाय अजून."

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं सोपं काम सांगितलं नसेल. एक फोटो काढायचा आणि आणून दाखवायचा. हे काम मी कसं केलं ते सांगायला मी बसलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दवाखान्यात गेलो. व्हरांड्यासारख्या बोळाला लागून एक मोठी काचेची खिडकी, आत चार पेट्या. आमची अगदी कोपऱ्यात, खिडकीपासून लांब. खिडकीच्या काचेत बोळातल्या सगळ्या ट्यूबलाइट उतरलेल्या, मागची भिंत उतरलेली, माझं स्वतःचं डोकं उतरलेलं. साध्या लेन्सनं मी पाच-सहा फोटो काढले आणि तासाभरात प्रिंट देणाऱ्या लॅबमध्ये धुऊन आणले. पेटी दिसत होती, आत काहीतरी गुलाबी दिसत होतं, आणि ट्यूबलाइटची एक पांढरी पट्टी बरोबर तोंडावरून गेली होती. मी ते फोटो बायकोला दाखवले नाहीत. शर्टाच्या खिशात ठेवले आणि तिला म्हणालो, "उजेड बरोबर नव्हता. उद्या चांगला आणतो."

त्यातल्या एकात मुलीची मूठ दिसत होती. स्वच्छ दिसत होती. तेवढी जरी मी त्या दिवशी दाखवली असती तरी चाललं असतं. पण मला पट्टी दिसली, मूठ दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी मी लेथवर जाऊन बसलो. मिस्त्रींना काय झालंय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी एका पंपाचं काम लेथवरून उतरवून ठेवलं आणि माझा खण चढवला. दिवसभर ते काम चाललं होतं. मी त्यांच्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक माप तपासत होतो, दोनदा त्यांच्यावर ओरडलोही. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात खण ठेवला. पितळेचा, सोन्यासारखा पिवळा, कडेला दातेरी चाक. बोटानं फिरवलं की आतली काच लोण्यासारखी फिरायची. काच सुटू नये म्हणून वरून एक रिंग दाबून बसवली होती. खरं सांगतो, मला त्या क्षणी आनंद झाला. माझी मुलगी पेटीत होती आणि मला त्या खणाचा आनंद झाला.

चौथ्या दिवशी सकाळी तोफ आणि स्टँड घेऊन मी बोळात उभा राहिलो. समोरून पोलरायझर चालत नाही, म्हणून बोळाच्या टोकाला जाऊन तिरका कोन साधला. तिथून पेटी लांब पडली, पण टेलिफोटोतून जवळ दिसायला लागली. मी चाक फिरवलं. काहीच झालं नाही. पूर्ण गोल फिरवलं. ट्यूबलाइटच्या पट्ट्या होत्या तिथंच. परत फिरवलं, कोन बदलला, स्टँड हलवला. मग एकदम ध्यानात आलं. सर्क्युलर पोलरायझरला दोन बाजू असतात. एक बाजू कॅमेऱ्याकडंच पाहिजे. उलटी बसली तर ती नुसती काळसर काच होते, बाकी काही करत नाही. ती उलटी बसली होती.

माझ्या ड्रॉइंगमध्ये सगळी मापं होती. दात्यांचा कोनसुद्धा होता. काचेची कुठली बाजू कॅमेऱ्याकडं, तेवढं मी लिहिलं नव्हतं.

मी तिथंच स्वतःला शिव्या घालत स्टँड गुंडाळायला लागलो. तेवढ्यात आतली सिस्टर दार उघडून बाहेर आली. वयानं मोठी, गडहिंग्लजकडच्या बोलण्याची. दोन दिवस ती माझी खटपट बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "तो क्यामेरा ठेवा बघू तितं. साबणानं कोपरापतोर हात धुवा, हा गाऊन घाला आणि या आत. पेटीला भोक असतंय, त्यातनं हात घालू देते मी. पाच मिन्टं. बापाचा हात लागला की बाळाला बरं वाटतंय."

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दान् शब्द आठवतं. मी म्हणालो, "आता नको सिस्टर, फिल्टर उलटा बसलाय. तो दुरुस्त करून येतो, मग सगळं एकदमच करू."

ती "बरं" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी स्कूटरला किक मारली आणि उद्यमनगर गाठलं, तर सगळी शटरं बंद, तिथली साप्ताहिक सुट्टी. मिस्त्रींचं घर शोधत गेलो. ते जेवत होते, ताटावरून उठले. कारखाना उघडून त्यांनी रिंग सोडवायला घेतली, पण ती इतकी घट्ट बसली होती की तिच्यासाठी आधी एक हत्यार करावं लागलं. मी बडबडत होतो की एवढं कसं कळलं नाही तुम्हाला. त्यांनी मान वर न करता भिंतीकडं बोट केलं.

"सायेब, ड्राइंगवर कुटं लिवलंय सांगा. तुमीच म्हनता न्हवं, लिवलंय तेवडंच करायचं."

काच पालटून होईपर्यंत मुलीच्या दवाखान्यातली भेटायची वेळ संपली होती. त्या दिवशी बायकोकडं गेलो तेव्हा तिनं माझ्या हाताकडं बघितलं, हात रिकामे होते, आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

पाचव्या दिवशी फोटो मिळाला. चाक फिरवलं आणि बोळातल्या ट्यूबलाइट एकेक करून विझल्यासारख्या झाल्या. भिंत गेली, माझं डोकं गेलं, खिडकीला काच आहे हेच कळेना. आणि ती दिसली. नाकात नळी, गालावर चिकटपट्टी, कपाळावर भुरभुरीत काळे केस, मूठ हनुवटीखाली. उजेड कमी होता, पण स्टँड होता आणि ती गाढ झोपली होती. मी नऊ फोटो काढले. मी इतका खूश झालो की लॅबमध्ये धावत गेलो. सिस्टरनं दिलेलं बोलावणं माझ्या लक्षात होतं. मनात म्हटलं, आधी फोटो नेऊ, उद्या सकाळी निवांत आत जाऊ.

नर्सिंग होममध्ये सासूबाईंनी पाचवीची तयारी केली होती. पलंगाखाली पाटा, त्यावर हळदकुंकू, कोरा कागद आणि पेन. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. बाळ नव्हतं. बायकोनं फोटो हातात घेतला. मी इतकी वर्षं तिचा नवरा होतो, पण तिचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"माझ्या आज्जीवर गेलीया," ती म्हणाली. "बघ आई, कपाळ बघ." नजर लागण्याची भीती विसरून सासूबाईंनीही फोटो हातात घेतला, आणि तोच पाट्यावर ठेवून त्यांनी पूजा केली.

मग बायकोनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही हात लावलासा तिला?"

मी म्हणालो, "व्हय. सिस्टरनी आत घेतलं मला. पेटीतनं हात घालून लावला."

खोटं का बोललो? मला तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच. आणि मला ते खोटं वाटतही नव्हतं. उद्या सकाळी मी ते खरं करणारच होतो. फक्त एक दिवस आधी सांगत होतो.

"कशी लागली हाताला?"

"मऊ," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी अंघोळ करून, नखं कापून, कॅमेरा घरी ठेवून दवाखान्यात गेलो. बोळात तीच सिस्टर उभी होती. तिनं मला बाकावर बसवलं आणि सांगितलं. पहाटेच श्वास थांबला होता. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं होतं, त्यांचा काही दोष नव्हता. घरी फोन नव्हता, म्हणून कळवता आलं नव्हतं.

पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांनी तिला माझ्याकडं दिलं. मी पहिल्यांदा तिला हातात घेतलं. वजन असं नव्हतंच. रिक्षात बसल्यावर मी कापड जरासं बाजूला केलं आणि तिच्या तळहाताला बोट लावलं. गार होतं. शेजारी माझा थोरला भाऊ होता. तो म्हणाला, "झाक आता." मी झाकलं. पंचगंगेच्या काठाला, लहान मुलांना पुरतात तिथं, आम्ही तिला ठेवून आलो. बायकोला दोन दिवस कुणी सांगितलं नाही, तिचं ब्लडप्रेशर परत चढेल म्हणून. ते दोन दिवस ती उशाखालचा फोटो काढून काढून बघायची, आणि मी समोर स्टुलावर बसून राहायचो.

सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. मला म्हणाली, "माझा न्हाय तर न्हाय, तुमचा तरी हात लागला तिला. एकटी न्हाय गेली."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

पुढं आम्हाला मूल झालं नाही. लेन्स मी पोटमाळ्यावर टाकली. मिस्त्रींचा तो पितळी खण तिच्यातच होता. चार-पाच वर्षं मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. फौंड्रीत मात्र माझं डाफरणं बंद झालं. लोकांना वाटलं, माणूस दुःखानं नरम झाला. खरी गोष्ट अशी की ड्रॉइंगवर सही करताना मला दर वेळी वाटायचं, ह्यातही काहीतरी लिहायचं राहिलं असेल.

बायको दर वर्षी त्या दिवसांत फोटो बाहेर काढायची आणि म्हणायची, "सांगा की, आत गेलतासा ते." मी सांगायचो. पहिल्या वर्षी नुसतं मऊ होतं. दुसऱ्या वर्षी मी सिस्टरचा गाऊन घातला. पुढं कधीतरी मुलीनं पाय हलवला. हे सगळं माझ्या तोंडून आपोआप यायचं आणि तिला बरं वाटायचं, आणि नंतर मी बाहेर जाऊन गेटपाशी उभा राहायचो. एकदा बहिणीला सांगताना मी तिला ऐकलं, "ह्यांनी हात धुऊन, गाऊन घालून धरली हुती तिला." इतक्या अभिमानानं सांगत होती की तिच्याकडून ते परत कसं घ्यायचं मला कळेना. आजही कळत नाही.

दोन हजार सालानंतर आमच्याकडंही इंटरनेट पोचलं. आमच्या फौंड्रीतल्या एका सोबत्याचा मुलगा परदेशात होता, त्याच्यापाशी मी कधीतरी त्या कॅटलॉगातल्या खणाबद्दल बोललो होतो. त्यानं तिथं जुन्या वस्तूंच्या बाजारात तो शोधला आणि सुट्टीला येताना घेऊन आला. अस्सल, कंपनीचा, चाकासकट. कुठली बाजू कुणीकडं ते त्याच्यावर बाणानं कोरलेलं होतं. मला तो खोक्यातून बाहेर काढवेना. बायकोनं काढला. पोटमाळ्यावरून लेन्सही तिनंच उतरवून घेतली, पुसली, आणि रविवारी सकाळी मला घेऊन कळंब्याला गेली. "इतकी वर्सं शोधलासा, आता बघा तरी," म्हणाली.

तळ्याच्या काठावर मी स्टँड लावला. नवा खण बसवला. तिला कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं आणि मी चाक फिरवलं. पाण्यावरचं आभाळ हळूहळू पुसत गेलं आणि खालचं शेवाळ, दगड, त्यांच्यामधून जाणारे बारके मासे दिसायला लागले. ती कितीतरी वेळ डोळा लावून बसली.

"अशीच काच गेलती का त्या दिवशी?"

"व्हय."

"आणि मग आत गेलासा."

"व्हय," मी म्हणालो. "साबणानं हात धुतले. सिस्टरनी गाऊन दिला..."

तिनं डोळा काढला आणि माझ्याकडं वळली. इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"गरम हुती का वो?"

मी चाकावरून बोट काढलं. ती म्हणाली, "नंतर तुम्हीच उचलून नेलंसा ते मला ठावं हाय. ते नका सांगू. त्याच्या आधीचं सांगा. जितीपणीचं. गरम हुती का?"

"व्हय," मी म्हणालो. "लई गरम हुती."

तिनं माझा उजवा हात उचलला, आपल्या गालाला लावला आणि तसाच धरून बसली.